क्रमांक सत्तेचाळीस आणि कपाटातला उंदीर

ढब्बू कपाटात जाऊन बसायला लागला त्याला अडीच महिने झाले, तेव्हा कुठे घरच्यांनी ते मनावर घेतलं.

ढब्बू हा आजोबांचा नातू. जन्मला तेव्हा चार किलो तीनशे ग्रॅम भरला होता. हे वजन आजोबांनी स्वतः, दवाखान्याचा काटा आधी तपासून, दोनदा घेतलं होतं; त्यामुळे त्यात चुकीला जागा नव्हती. नाव तेव्हा पडलं ते पडलं. आता तो पंधरा वर्षांचा होता, बांबूसारखा उंच आणि तितकाच बारीक. कपाटात बसायचं तर त्याला स्वतःची तीन ठिकाणी घडी घालावी लागे.

कपाट आजोबांच्या खोलीत होतं. आजींचं. जुन्या लाकडाचं, भलंमोठं, एक माणूस आणि त्याची उशी सहज मावेल असं. शाळेतून आला की ढब्बू दप्तर टाकायचा, घटाघटा पाणी प्यायचा आणि टॉर्च, पुस्तक घेऊन आत शिरायचा. दार ओढून घ्यायचा, बोटभर फट ठेवून. भांडण नाही, रडणं नाही, रुसवा नाही. हाक मारली की आतून ‘ओ’ द्यायचा. जेवायला यायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि पुन्हा आत.

“काय झालंय रे?” त्याची आई विचारायची.

“काही नाही.”

“मग कपाटात का बसलायस?”

“इथं कुणी ‘काय झालंय’ असं विचारत नाही.”

आई, म्हणजे आजोबांची सून, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांना सुया टोचायच्या, ती सवय घरी आल्यावर जिभेला सुटत नसे. “नवरा ट्रकमध्ये राहतो, मुलगा कपाटात राहतो. एवढं मोठं घर आपण घेतलं कशाला?” ती म्हणाली. ढब्बूचे वडील ट्रक चालवायचे. आठवड्यातले पाच दिवस ते रस्त्यावरच असायचे.

एका संध्याकाळी आजोबा खुर्चीत वाचत बसले होते. फटीतून आवाज आला.

“आजोबा, मला कुणाशी तरी बोलायचंय.”

आजोबांनी पुस्तक मिटलं. “बोल की.”

“तुमच्याशी नाही. घरातलं कुणी नको. तुम्ही लोक लगेच चेहरा करता.”

“मी कुठे चेहरा केला?”

“आत्ता करताय. दिसतंय मला फटीतून.”

आजोबांनी खरोखरच चेहरा केला होता. तो त्यांनी घाईघाईनं पुस्तकाआड लपवला. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली: पोरानं तोंड उघडून काही मागितलं होतं, आणि अडीच महिन्यांत ते पहिल्यांदाच.

सोय होती. शाळेनं मागेच एक कागद घरी पाठवला होता. सरकारचं युवा वर्तन साहाय्य केंद्र. बारा ते एकवीस वयाच्या मुलांसाठी. आठ बैठका, सगळं मोफत. पहिल्या चार बैठका फोनवर, पुढच्या चार समोरासमोर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मिळालेला क्रमांक वाया गेला तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल, आणि रांग सध्या चार महिन्यांची आहे.

सूनबाईंनी फॉर्मच्या पहिल्या पानावर ढब्बूचं वय, शाळा, इयत्ता लिहिली, पालक म्हणून सही ठोकली आणि उरलेली तीन पानं मुलापुढे टाकून ती कामावर पळाली. ढब्बूनं ती वाचली आणि फटीतून बाहेर सरकवली.

“आजोबा, तुम्हीच भरा ना. असले प्रश्न वाचले की माझ्या पोटात कसंतरी होतं.”

इथं घोटाळ्याला सुरुवात झाली, आणि त्याला कारण आजोबांचा प्रामाणिकपणा.

आजोबा चाळीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचा, वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा. दुकानदार त्यांना जितके घाबरायचे त्याहून जास्त ते दुकानदारांना घाबरायचे. चाळीस वर्षांत त्यांनी माणसावर सोडा, तराजूवरसुद्धा आवाज चढवला नव्हता. पण न तपासता शिक्का मारला असंही कधी झालं नव्हतं.

आता फॉर्म विचारत होता: ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं?’ ढब्बूला किती दिवस उदास वाटलं हे आजोबांना कसं ठाऊक असणार? तो तर कपाटात. अंदाजे आकडा टाकायचा म्हणजे न तपासता शिक्का! बरं, रकाना कोरा ठेवावा तर वर ठळक छापलेलं: ‘एकही रकाना रिकामा ठेवू नये.’ आजोबा पाऊण तास पेनचं टोपण चावत बसले. शेवटी त्यांनी स्वतःशी असा निवाडा केला, की सरकारला घरातल्या मोठ्या माणसाचंही मोजमाप हवं असणार. मुलाचं काय ते त्याला फोनवर विचारतील. आणि त्यांनी तिन्ही पानं स्वतःविषयी भरली. बारकाईनं.

उदास दिवस: साडेचार, पैकी अर्धा फक्त दुपारनंतरचा. झोप: चार तास आणि एक डुलकी. भूक: पूर्वीच्या पाऊणपट. शारीरिक तक्रार: उजवा गुडघा. मित्र: पूर्वी तीन, आता एक. फोन नंबर: स्वतःचा, कारण ढब्बूचा फोन कपाटात लागत नसे.

दहा दिवसांनी निरोप आला. क्रमांक सत्तेचाळीस मंजूर. दर गुरुवारी चार वाजता फोन येईल.

गुरुवारी चार ते पाच ढब्बूचा चित्रकलेचा वर्ग असायचा. आजोबांनी विचार केला, पहिल्या फोनला घरच्यांची माहिती घेतील, मग ढब्बूची वेळ ठरवून घेऊ. ते खोलीत टेबलापाशी बसले आणि फोन स्पीकरवर ठेवला. कानाला लावला की त्यांचा गाल कुठल्यातरी बटणावर टेकायचा आणि बोलणं तुटायचं, म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलत.

“क्रमांक सत्तेचाळीस का?” एका तरुण बाईचा आवाज. “मी केंद्रातली ताई. आपल्याकडे फोनवर नाव घ्यायचं नसतं, गुप्तता असते. आणि आम्ही सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणतो. चालेल ना?”

“चालेल,” आजोबा म्हणाले. “मलाही तीच सवय आहे.”

“छान! तुम्ही लिहिलंय, झोप चार तास. मग जाग आल्यावर काय करता?”

“पडून राहतो. उठलो तर बाकीच्यांची झोपमोड.”

“किती समंजस आहात तुम्ही! आणि हा उजवा गुडघा? खेळताना लागलं का?”

“खेळायचो पूर्वी. आता तो जिने चढताना बोलतो.”

“मित्र तीन होते, एक राहिला, असं लिहिलंय. भांडण झालं?”

“नाही हो. वारले. दोघं. दोन वर्षांत.”

फोनवर कागद सरकल्याचा आवाज आला.

आता कुणी विचारील, की ताईंना शंका कशी आली नाही? पंधरा वर्षांचा मुलगा असं बोलतो का, त्याचा आवाज असा असतो का? तर ताई नवीन होत्या. प्रशिक्षणात त्यांना एक निळं पुस्तक मिळालं होतं आणि ते त्यांनी तोंडपाठ केलं होतं. नियम तिसरा: या वयात मुलांचा आवाज फुटतो, त्याबद्दल शेरा मारू नये. नियम चौथा: मुलानं काहीही सांगितलं तरी आश्चर्य दाखवू नये. ताईंनी आश्चर्य दाखवलं नाही. त्यांनी फक्त कागदावर ‘दोन मित्रांचा मृत्यू’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

“आणि उरलेला?” त्यांनी हळूच विचारलं.

“तो आहे. पण मला ओळखत नाही आता. परवा भेटलो तर म्हणाला, आपण कोण?”

‘उरलेला मित्र ओळख दाखवत नाही,’ ताईंनी लिहिलं, आणि तीन रेघा मारल्या.

एवढ्यात कपाटातून शिंक आली. बारीकशी, दाबलेली. आजोबा दचकले. कपाटाकडे पाहत म्हणाले, “माफ करा. घरात उंदीर झालाय बहुतेक.”

“काही हरकत नाही,” ताई म्हणाल्या. त्यांनी तेही लिहून घेतलं.

त्या रात्री जेवताना ढब्बूनं भात कालवत विचारलं, “आजोबा, आला होता का तो केंद्राचा फोन?”

“आला होता. प्राथमिक माहिती घेतली. तुझा नंबर लागेलच.”

“बरं,” ढब्बू म्हणाला आणि ताटाकडे बघत राहिला.

दुसऱ्या गुरुवारी आजोबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ताई म्हणाल्या, “घरात कुणाशी मनमोकळं बोलता का तुम्ही?”

“बोलायचो. तिच्याशी. ती गेली, त्याला सहा वर्षं झाली.”

“अरेरे. म्हणजे तुम्ही फक्त नऊ वर्षांचे असताना!”

आजोबांनी फोनकडे बघितलं. मग हिशेब केला. पंधरातून सहा गेले नऊ. ही बाई आपल्याला ढब्बू समजते आहे! म्हणजे ही माहिती नव्हती, ही बैठक होती. आठातली दुसरी. पोराच्या तोंडचा घास आपण खाऊन बसलो.

सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. पण आजोबांनी जन्मात कुठल्या अधिकाऱ्याचं वाक्य मध्येच तोडलं नव्हतं. ताईंचं वाक्य पुरं होण्याची ते वाट बघत होते, आणि ते पुरं झालं ते असं: “मग ती गेल्यावर तुम्ही काय केलंत?”

हे आजोबांना सहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ‘जेवलात का, औषध घेतलंत का’ हे रोज विचारत. हे नाही.

“काही नाही केलं,” ते म्हणाले. “तिचं कपाट होतं. ते मी उघडलंच नाही. सहा वर्षं. रोज समोर बसायचो, पण हात जायचा नाही. मग इतक्यात घरातल्याच एकानं ते उघडलं. मला न विचारता. आधी मला धस्स झालं. पण आता वाटतं, बरं झालं. आत कुणीतरी असतं, पानं उलटल्याचा आवाज येतो. खोली रिकामी वाटत नाही.”

कपाटात काहीतरी धप्पकन पडलं.

“उंदीर,” आजोबा म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं: ‘पुढच्या गुरुवारी सर्वांत आधी सांगणे: मी नातू नाही, आजोबा आहे.’ चिठ्ठी फोनखाली ठेवली. मग बाजारात जाऊन उंदराचा सापळा आणला, त्यात बिस्किटाचा तुकडा अडकवला आणि कपाटाच्या तळाशी ठेवला.

शुक्रवारी बघतात तो बिस्कीट गायब, सापळा तसाच उघडा. त्यांनी दुसरं लावलं. तेही गेलं. आजोबांनी सापळ्याची तार तपासली, स्प्रिंगचा ताण बघितला, पेन्सिलीनं दोनदा मिटवून बघितला. सापळा चोख होता. “असा उंदीर मी पाहिला नाही,” ते सूनबाईंना म्हणाले. “दोन बोटांनी अलगद काढून घ्यावं तसं नेतो.”

“कपाटात ढब्बू बसतो ना,” सूनबाई म्हणाली, “त्याला विचारा. दोघांची ओळख असेल.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. आजोबांनी खरंच ढब्बूला विचारलं. ढब्बू गंभीरपणे म्हणाला, “उंदीर दिसला नाही. पण क्रीमचं बिस्कीट लावून बघा.”

तिसऱ्या गुरुवारी आजोबा चिठ्ठी हातात धरूनच बसले. फोन वाजला. “ताई, मला आधी एक सांगायचंय,” असं म्हणून त्यांनी घसा खाकरला.

“सांगा ना! तुम्ही स्वतःहून काही सांगताय, याचा मला किती आनंद झालाय म्हणून सांगू!” ताईंचा आवाज आनंदानं थरथरत होता. “गेल्या वेळच्या बोलण्यानंतर मीसुद्धा घरी जाऊन माझ्या आजीला फोन केला. दोन वर्षांनी. बोला, बोला, काय सांगायचंय?”

एवढ्या आनंदावर पाणी ओतायला छातीत दम लागतो. आजोबांनी चिठ्ठीची घडी घातली. “सांगायचं होतं की... उंदीर अजून सापडला नाही,” ते म्हणाले.

आणि पुढची चाळीस मिनिटं ते बोलत राहिले. बागेतल्या बाकाविषयी, जिथं पूर्वी चौघं बसायचे. नातवाविषयी बोलायची इच्छा फार झाली, पण आता ते शक्य नव्हतं. पंधराव्या वर्षी नातू कुठून आणणार?

रात्री ताट धुताना ढब्बूनं पुन्हा विचारलं, “आजोबा, माझा नंबर कधी लागणार?”

“लागेल रे. सरकारी काम आहे.”

“नाही, मी आपलं विचारलं. तुम्हाला काही सांगायचं असलं तर.”

“मला? मला काय सांगायचंय?” आजोबांच्या हातातला पेला भांड्यात पडला.

चौथ्या गुरुवारी ताईंनी फोनवरच प्रश्नावली पुन्हा घेतली आणि जाहीर केलं की क्रमांक सत्तेचाळीसचे दुःखाचे गुण एकोणीसवरून अकरावर आले आहेत.

“साडेअकरा,” आजोबांनी दुरुस्ती केली. “झोपेचा अर्धा धरायचा राहिला.”

“यंत्र अर्धा घेत नाही. पण केंद्रात इतकी झपाट्यानं सुधारणा कुणाचीच नाही! आमच्या प्रमुखबाईंनी तुमचा अहवाल वर पाठवलाय, नमुना म्हणून. आता पुढची बैठक समोरासमोर. प्रमुखबाईही येणार आहेत. घरच्यांनाही आणा. म्हणजे,” त्यांचा आवाज मऊ झाला, “जे कुणी आहेत त्यांना.”

आठातल्या चार बैठका संपल्या होत्या. आजोबांनी त्या आठवड्यात स्वतःचं वजन केलं. दीड किलो कमी भरलं. काटा त्यांनी तपासला. काटा बरोबर होता.

गुरुवारी तिघं निघाले: सूनबाई, ढब्बू आणि मध्ये आजोबा, शाळेत नेऊन सोडायच्या मुलासारखे. सूनबाईंनी सुट्टी काढली होती. “चार फोन झाले, आणि हा अजून कपाटातच,” ती वाटेत म्हणाली. “काय बोलतात तरी काय फोनवर?”

ढब्बूनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी रस्त्यावरच्या खांबांकडे पाहिलं.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या सूर्याचं चित्र आणि त्याला कुणीतरी पेननं काढलेल्या मिशा. खिडकीपलीकडे एक कारकून बसला होता. त्यानं सत्तेचाळीस क्रमांकाची फाइल काढली आणि लगेच उभाच राहिला.

“या, या. फार ऐकलंय तुमच्याविषयी.” हे तो ढब्बूला म्हणाला. मग सूनबाईंकडे वळला. “आणि आपण मावशी का?”

“आई.”

कारकुनानं फाइल बघितली. “आई तर सहा वर्षांपूर्वी वारल्या.”

“मग मी कोण? तिचं भूत?”

“फॉर्मवर आईंची सही आहे खरी,” कारकून विचारात पडला. “आम्ही त्याची चौकशीच लावली होती. वारल्यानंतरची सही म्हणून.”

“चौकशी? अहो, हात लावून बघा! हवं तर रक्त काढून देते!”

आवाज ऐकून आतून प्रमुखबाई आल्या. जाड चष्मा, हातात तीच फाइल. मागोमाग ताई. ताई अगदीच लहानखुऱ्या होत्या, ढब्बूच्या खांद्याइतक्या. त्यांनी वर बघून ढब्बूचा हात दोन्ही हातांत घेतला.

“गुडघा कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“कुणाचा?” ढब्बू म्हणाला.

“जिने चढून आलात ना. बोलला असेल.”

“हा? बोलला?” सूनबाई प्रमुखबाईंच्या हातातल्या फाइलमध्ये डोकावत म्हणाली. “ढब्या, तुझा गुडघा बोलतो? आणि ताई, याचे कुठले मित्र वारले म्हणून लिहिलंय इथं? परवाच तर सगळे घरी येऊन फ्रिज रिकामा करून गेले!”

आता मात्र आजोबांच्यानं राहवेना. प्रमुखबाई बोलत नव्हत्या, ताई बोलत नव्हत्या; तोडायला मध्ये कुणाचं वाक्यच नव्हतं. ते खुर्चीवरून उठले, खिशातून ती चिठ्ठी काढली, घड्या उलगडल्या आणि तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं.

“मी नातू नाही, आजोबा आहे.”

ताईंनी तो आवाज ओळखला. त्यांचं तोंड उघडं पडलं. निळ्या पुस्तकातला चौथा नियम एका क्षणात मोडला.

“गुडघा माझा,” आजोबा म्हणाले. “मित्र माझे. ती गेली ती माझी बायको. फॉर्म मी भरला, फोन मी घेतले. पहिल्या वेळी कळलं नाही. दुसऱ्या वेळी कळलं, पण तुम्ही विचारत गेलात आणि... फार बरं वाटत होतं हो. चूक माझी. माझ्यावर काय ती कारवाई करा, पण याच्या चार बैठका याला परत द्या. यानं मागितल्या होत्या. घरातलं कुणी नको म्हणाला होता, आणि नेमका घरातलाच मी मध्ये जाऊन बसलो.” त्यांनी ढब्बूकडे बघण्याचा प्रयत्न केला आणि मिशावाल्या सूर्याकडे बघितलं. “ढब्या, मी तुझा नंबर खाल्ला रे.”

“माहितीये मला,” ढब्बू म्हणाला.

“काय माहितीये?”

“सगळं. पहिल्या गुरुवारपासून. मी चित्रकलेच्या वर्गाला जातच नव्हतो. आत होतो. कपाटात. तुम्ही फोन स्पीकरवर लावता ना.”

“पण आत तर उंदीर...” आजोबा थांबले. चाळीस वर्षं मापं तपासलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक बिस्किटं गेली.

“क्रीमची जास्त चांगली होती,” ढब्बू म्हणाला.

“अरे, मग बोलला का नाहीस? तुझ्या बैठका संपत होत्या!”

ढब्बूनं खांदे उडवले. “तुमचं चाललं होतं ना. म्हटलं, आधी तुमचं होऊ दे. दर वेळी विचारलं मी तुम्हाला, काही सांगायचंय का. तुम्ही पेलाच पाडलात.”

सूनबाई इतका वेळ गप्प होती, हाच एक चमत्कार. ती आता म्हणाली, “चित्रकलेच्या वर्गाचं आपण घरी गेल्यावर बघू.” पण तिनं पर्समधून रुमाल काढून सासऱ्यांच्या हातात दिला.

प्रमुखबाई फाइल उलटत होत्या. चेहरा गंभीर. “सत्तेचाळीस क्रमांक रद्द करून नवीन द्यावा म्हटलं, तर याला रांगेत चार महिने लागतील. आणि खरं सांगायचं तर रद्द करताही येत नाही. यंत्रात तशी सोयच नाही. क्रमांक फक्त बरा होऊ शकतो.”

“मग करा की बरा!” सूनबाई म्हणाली.

“तो झालाच आहे. अकरा गुण.”

“साडेअकरा,” आजोबा पुटपुटले.

“बाई,” कारकून खिडकीतून म्हणाला, “नऊ ब.”

“काय नऊ ब?”

“नियम नऊ ब. लाभार्थी मुदतीआधी बरा झाला, तर उरलेल्या बैठका घरी त्याचा सांभाळ करणाऱ्याला देता येतात. सांभाळणाऱ्यालाही ताण येतो म्हणून. आजपर्यंत कुणी मागितल्या नाहीत, कारण मुदतीआधी कुणी बरंच झालं नाही.”

प्रमुखबाईंनी चष्मा वर सरकवला. “म्हणजे चार बैठका. आजपासून. सांभाळणाऱ्याच्या वयाची अट?”

“लिहिलेली नाही.”

“ठीक. यांचा घरी सांभाळ कोण करतं?”

सूनबाईंनी तोंड उघडलं. चौदा वर्षं सासऱ्यांचं औषधपाणी तिनं केलं होतं. उत्तर तिच्याकडे तयार होतं. तिनं ढब्बूकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

“मी करतो,” ढब्बू म्हणाला. “रोज संध्याकाळी. फटीतून लक्ष ठेवतो.”

“लिही,” प्रमुखबाई कारकुनाला म्हणाल्या. “क्रमांक सत्तेचाळीसचे पालक. वय पंधरा.” मग ढब्बूकडे वळून त्या म्हणाल्या, “नियमाप्रमाणे तुम्ही आत जाऊन यांच्या वागण्याविषयी बोलायचं. मग वेळ उरला तर दुसरं काही.” आणि दाराकडे जाता जाता आजोबांच्या कानाशी पुटपुटल्या, “तुमच्या नातवाचा नवीन फॉर्मही आजच रांगेत लावते. पण तो मुलाला भरू द्या. काहीही झालं तरी.”

ताईंनी आतल्या खोलीचं दार उघडलं. लहानशी खोली, दोन खुर्च्या, एक खिडकी. ढब्बू दारात घुटमळला. आत बघितलं, बाहेर बघितलं. मग दाराची चौकट हातानं चाचपत त्यानं विचारलं, “हे दार बोटभर उघडं ठेवलं तर चालेल?”

“चालेल,” ताई म्हणाल्या.

तो आत गेला. दार लागलं, बोटभर फट ठेवून.

आजोबा उठले. आपली खुर्ची उचलली आणि ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी नेऊन ठेवली. तिथून काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी खात्री असावी म्हणून ते सूनबाईंना म्हणाले, “तू जरा मोठ्यानं बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही. चित्रकलेच्या वर्गाविषयी बोल.”

त्या विषयावर सूनबाईंना बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ती सलग पन्नास मिनिटं बोलली. कारकुनानं मध्ये दोनदा पाणी आणून दिलं.

ढब्बू बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि केस विस्कटलेले होते. त्याला भूक लागली होती. आजोबांनी खिशातून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढून त्याच्यापुढे धरला. कशाविषयी काही विचारलं नाही. जिना उतरताना ढब्बूनं त्यांचा उजवा हात धरला, गुडघ्याच्या बाजूचा.

“आजोबा, तुमच्याविषयी बोलायचं होतं ना मी आत, त्या नियमाप्रमाणे?”

“हो.”

“एक शब्दही नाही बोललो. वेळच नाही उरला.”

आजोबा पायरीवर थांबले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, तिथल्या विजेच्या मीटरचा आकडा लक्षपूर्वक वाचला आणि चेहऱ्यावर काहीही येऊ न देण्याची पराकाष्ठा केली.

“करताय,” ढब्बू बिस्कीट खात म्हणाला. “मागूनसुद्धा कळतंय.”